रॉड डुप्लिकेट नव्हता

रविवारी सकाळी क्लॅम्प मीटर, टेस्टर आणि पक्कड पिशवीत घालून जळोचीहून थेट डाळज गाठलं... सासुरवाडी. बायको म्हणाली, बाळाला बघायला चाललाय की वायरमनच्या ड्युटीवर?

दोन्ही. माझ्या अब्रूचा प्रश्न होता.

मेव्हणी अश्विनी बाळंतपणाला माहेरी आलीय. तिला आणि बाळाला कढत पाणी लागतं, आणि सासूबाईंना चुलीचा धूर सोसत नाही. म्हणून मागच्या महिन्यात मीच बारामतीतून पाणी तापवायचा रॉड घेऊन दिला होता. दीड हजार वॅटचा. छाप वाचून, दुकानातच लावून, करंट मोजून घेतलेला. मी वस्तू अशीच घेतो.

थोड्याच दिवसांत सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा फोन... "पाव्हणं, डुप्लिकेट माल दिलाय तुमाला. पाणी तापंपर्यंत बाळ रडून झोपून बी जातंय." सासूबाई पुन्हा चुलीपुढे बसल्या होत्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी... माझं झेरॉक्सचं दुकान आहे, शिक्षण बारावी कॉमर्स. वीज मी जुन्या बाजारातली पुस्तकं वाचून आणि स्वतःच्याच घरातले फ्यूज उडवून शिकलो. त्यामुळे 'जावयाला फसवलं' हे मला जरा जास्तच लागलं होतं.

चहाच्या आधी मीटर काढला. घरातल्या मेन बोर्डवर २२५ व्होल्ट. न्हाणीघर अंगणाच्या पलीकडे, तिथल्या पॉइंटवरही २२५. तात्या बाजेवरून बघत होते. "आमच्यात लाईट फुल हाय. वस्तूच खोटी."

मग बादलीत रॉड सोडला, बटण दाबलं... आणि न्हाणीतले व्होल्ट सरळ १८० वर आले. मेन बोर्डवरचे २२५ मात्र जागचे हलले नाहीत. करंट ५.१ अँपिअर. (क्लॅम्पमध्ये एकच वायर धरायची. दोन्ही धरल्या तर मीटर शून्य दाखवतो आणि माणूस मीटरला शिव्या देतो.)

आता हिशोब. व्होल्टला करंटने भागलं की रोध मिळतो. १८० भागिले ५.१, म्हणजे ३५.३ ओहम. दीड हजार वॅटच्या रॉडचा २३० व्होल्टला जेवढा यायला हवा, अगदी तेवढाच. रॉड खरा होता... पण व्होल्ट गुणिले करंट म्हणजे पॉवर, आणि ती भरली जेमतेम ९१८ वॅट. (तापल्यावर रोध किंचित बदलतो, पण अशा रॉडमध्ये तो फरक सोडून देण्याइतका असतो. आधीच सांगून ठेवतो, कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच.)

"मग बाकीची लाईट गेली कुठं?" तात्यांनी विचारलं. नेमका प्रश्न.

वाटेत ४५ व्होल्ट गळत होते. गुणिले ५.१, म्हणजे २३० वॅट. (बाकीची तूट करंटच कमी ओढला गेल्याची.) मी म्हणालो, "तात्या, एवढी उष्णता मधेच कुठंतरी मुरतीय."

"म्हंजी भिंत आंघुळ करतीया व्हय?"

त्या ४५ व्होल्टला ५.१ ने भागलं तर वायरीचाच रोध ८.८ ओहम आला. वायर बारीक होती हे खरं. पण अंगण ओलांडायला लागते पंधरा मीटर, आणि एवढा रोध यायला ती शंभर मीटरच्या पुढे हवी. उरलेली वायर होती कुठे? मेन स्विच पाडला आणि वायरीचा माग घेत निघालो. बोर्डावरून ती वर माळ्यावर शिरत होती आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडत होती.

शिडी लावून वर डोकावलो. एका पोत्यावर घरची मांजर चार पिल्लांना घेऊन ऐसपैस पसरली होती. पोत्याखाली हात घातला... चांगलंच गरम. खाली वायरीचं अख्खं भेंडोळं, एकही तुकडा न तोडलेलं.

तात्या शांतपणे म्हणाले, "न्हाणीतल्या बल्बासाठी वढली व्हती. उरली ती तोडायची कशाला? उद्या मळ्यात न्यायची झाली तर अखंड पायजे." म्हणून दोन टोकं जोडली आणि मधलं भेंडोळं तसंच माळ्यावर ठेवून दिलं. एका बल्बाने त्याला कधी त्रास दिला नाही. रॉडने दिला.

अश्विनी बाळाला थोपटत दारात आली होती. "दाजी, घरात बाळंतिणी दोन हायेत. पाणी माझ्यासाठी तापवलंसा, आन शेक ती घेत बसली."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. तात्या मागाहून हसले. मला मात्र पोतं पेटलं असतं तर, एवढंच दिसत होतं. पिल्लं वेळेवर खाली आली.

भिगवणहून अडीच एमएमची वायर आणली आणि बोर्डापासून न्हाणीपर्यंत सरळ ओढली. तात्यांचं भेंडोळं न तोडता अखंड सोडवून त्यांच्या हातात दिलं. पिल्लांना टोपली आणि जुनी गोधडी मिळाली. रॉड लावून पुन्हा मोजलं... २२३ व्होल्ट, ६.३ अँपिअर. चौदाशे वॅट.

सासूबाई पाय पसरून बाळाला घेऊन बसल्या. पाण्यात बोटं घातली आणि झटक्यात काढली. "अवो, विसण आणा तांब्याभर. लई कढत झालंय."

तात्या स्वतः उठले. गार पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोरून जाताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "रॉड वरिजनल हाय."

स्वतःचं स्वतः शिकणाऱ्याचा निकाल कुणी लावत नाही. रविवारी माझा लागला... तात्या, मनापासून आभार.