बर्डी भुंकत नाही

माझा मेव्हणा व्हर्लिन स्टॅम्पर हट्टी म्हणजे किती हट्टी असावा! केंटकीच्या या डोंगरांत त्याच्यासारखा रॅकूनचा शिकारी नाही आणि त्याच्यासारखा कटकट्याही नाही. रॅकून म्हणजे मांजराहून थोरलं, झाडावर पळून लपणारं जनावर; ते कुठल्या झाडावर आहे ते शिकारी कुत्रं खाली भुंकून सांगतं. त्याची कुत्री बर्डी झाडावर रॅकून असेल तरच भुंकते. पिल्लू असताना एकदा ती रिकाम्या झाडाखाली भुंकली, तेव्हा व्हर्लिन तिच्यावर असा ओरडला की ती पोट टेकून जमिनीला चिकटली. त्यानंतर नऊ वर्षांत एकदाही खोटं भुंकलेली नाही. ही गोष्ट त्याने मला शंभरदा तरी ऐकवली असेल.

या वसंतात डॉक्टरांनी त्याचे गुडघे कामातून गेल्याचं सांगितलं. डोंगर चढणं कायमचं बंद.

"शिकार गेली खड्ड्यात, दाजी," तो म्हणाला, "पण झाडाखालचा तिचा आवाज एकदा तरी पुन्हा ऐकायचाय."

म्हणून जूनमध्ये मीच त्या दोघांना आमच्या शिकारी क्लबच्या तळ्यावर नेलं. शिकारीचा मोसम नसला की आमच्या कुत्र्यांची मजा तिथेच चालते. रॅकूनचा वास लावलेली पिशवी दोरीने पाण्यावरून ओढत पलीकडच्या झाडावर चढवतात. कुत्री मागे पोहत सुटतात. झाडाखाली जे आधी भुंकेल ते जिंकलं.

बर्डी सगळ्यांच्या आधी पोचली. तिने झाड हुंगलं, वर पिशवीकडे पाहिलं, अंग झटकलं आणि गप्प बसली. मागून आलेल्या दीडदमडीच्या कुत्र्यांनी तळं डोक्यावर घेतलं.

"काय रे व्हर्लिन, मुकी आणलीस का?" पंच हॉबर्ट हसला.

"तुमची खोटारडी आहेत सगळी!"

तीनदा सोडली, तीनदा तेच. मी नुसता चडफडत होतो.

"तुझीच शिकवण," मी म्हणालो. "भोग आता."

 तो काठी टेकत तळ्याला वळसा घालून झाडापाशी गेला. मीही मागोमाग गेलो.

"भुंक ना गं बये," तो तिला म्हणाला. "वर काही नाही, मलाही ठाऊक आहे. तरी भुंक. एकदाच."

बर्डीने शेपटी हलवली.

"अगं, भुंक म्हणतो ना!" तो ओरडला.

बर्डी पोट टेकून जमिनीला चिकटली.

व्हर्लिनने काठी टाकली आणि तो त्या दुखऱ्या गुडघ्यांवरच तिच्याशेजारी बसला. "नाही गं, तुझं काही चुकलं नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पण ती उठेना.