आम्ही हॉटेलवर गेलो नाही

कंपनीला माझ्याकडून खेद हवा आहे, लेखी. परदेशातल्या एका विमानतळावर मी माझ्या क्रूला घेऊन फरशीवर बसलो आणि परतीचं विमान अडकून पडलं, याचा खेद. तो मी देणार नाही. मला खेद नाही असं नाही. फार आहे, पण त्यांनी मागितलेल्या जागी नाही. तो कुठे आहे हे सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

मी राहूचा, दौंड तालुक्यातला. घरी ऊस आणि झेंडू. शिक्षण संपल्यावर पुण्यात एका हॉटेलात वेटर होतो, तिथून विमानात गेलो. गावातले लोक मी विमान चालवतो असंच समजतात. आई त्यांना दुरुस्त करते, "चालवीत न्हाई, चहा वाटतो." आता केस पिकलेत आणि या प्रकरणापर्यंत मी इन-चार्ज होतो, म्हणजे प्रवाशांचं बघणाऱ्या पोरापोरींचा मुकादम.

मागच्या वर्षी शिरूरहून एक गृहस्थ घरी आले. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे. पूर्वी ते मांडवगण फराट्याला होतं, तेव्हा आमच्या विहिरीची मोटार वडील त्यांच्याकडेच न्यायचे. बरोबर त्यांची मोठी मुलगी होती, माझ्याच कंपनीत नुकतीच निवड झालेली.

"पोरगी आता तुमच्या हवाली," ते उंबऱ्यातूनच म्हणाले.

"आधी बसा की," आई म्हणाली. "उभ्यानं पोरी हवाली करत्यात व्हय?"

ते हसत बसले. चहा झाला, तरी त्यांच्या मनातलं काही सुटेना. शेवटी म्हणाले, "साहेब, एकच इचारतो. तिकडं परमुलखात काय झालं, तर पोर एकटी पडायची न्हाई ना?"

"क्रू कधी एकटा नसतो," मी म्हणालो. "जेवढे उतरतो तेवढेच परत चढतो."

"बास. मग मला झोप लागंल."

मुलीनं मला काय म्हणायचं ते स्वतःच ठरवलं. युनिफॉर्म अंगावर असेपर्यंत सर, एरवी मामा.

आमच्या कामात एक सोय जुनी आहे. क्रूला बहुतेक देशांत उतरायला व्हिसा लागत नाही. क्रूची यादी आणि गळ्यातलं कार्ड दाखवायचं, वेगळ्या रांगेतून सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं, हॉटेलवर झोपायचं आणि परतीच्या विमानावर हजर व्हायचं. मात्र दोन देशांचं बिनसलं की ही सोय सगळ्यात आधी जाते. त्या देशाचं आणि आपलं तसंच झालं. आपल्या विमानतळावर त्यांच्या क्रूला अडवून बोटांचे ठसे घेतले गेले. त्यांनी परतफेड म्हणून आपल्या क्रूचे घ्यायला सुरुवात केली, बाकी कुठल्या देशाच्या नाही, फक्त आपल्या. सुरुवात कुणी केली यावर टीव्हीवर भांडणं चालायची. डोळे राजधान्या वटारत होत्या आणि बोटं आमची जात होती.

हा नियम आल्यावरची आमची ती पहिलीच फेरी होती, आणि मुलीची परदेशातली पहिली. दोनच दिवसांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं होतं. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगला ती आली ती हातभर मेंदी घेऊन, आणि त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे बोटांची पेरं काळपट होईस्तोवर भरलेली. घरच्या लग्नाची मेंदी आमच्याकडे चालते, पण ती इन-चार्जनं बघून पास करायची असते. मी बघितली. "रंग झकास चढलाय," म्हणालो आणि पास केली. मग पुढच्याच मिनिटाला ठशांच्या नव्या नियमाची सूचना सगळ्यांना वाचून दाखवली. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. हातांवरचा रंग आम्ही फक्त दिसायला बरा की वाईट एवढंच बघतो.

सकाळी उतरलो. इमिग्रेशनला आम्हाला बाजूला घेतलं. शेजारच्या रांगेतून दुसऱ्या एका देशाचा क्रू बॅगा ओढत हसत निघून गेला. आमची बोटं काचेवर एकेक करून ठेवली गेली. माझी, दोन्ही पायलटांची, बाकी पोरांची झाली. मुलीनं हात ठेवला आणि मशीनचा लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. अधिकाऱ्यानं तिच्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, हे काय लावून आणलंय, लपवायचं काय आहे?

"लग्न होतं, बहिणीचं," ती इंग्रजीत म्हणाली.

"धुऊन या."

मेंदी धुऊन जात नाही हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "हो सर, लगेच." कॉरिडॉरमध्ये एक बेसिन होतं, तिथे तिला घेऊन गेलो. साबण झाला. एका मुलीकडचं नेलपॉलिश काढायचं औषध झालं. मग मी माझ्या बॅगेतून बूट पुसायचा खरखरीत स्पंज काढला आणि तिच्या हातात दिला.

"घास."

तिनं घासलं.

"जोरात घास. जाईल थोडी."

"जळजळतंय, सर."

"दोन मिनिटं सहन कर. सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

हे वाक्य मीच बोललो. उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं निघाली. मेंदी तशीच राहिली आणि तिच्यावर रक्त आलं. मी ते टिशूनं टिपलं आणि तिला परत काचेसमोर उभं केलं. लाल दिवा.

अधिकाऱ्यानं फाईल बंद केली. बाकीच्यांनी जायला हरकत नाही, ही इथेच राहील, म्हणाला. परत पाठवायच्या लोकांसाठी तिकडे एक खोली होती, बाहेरून कडी लावायची. फोन जमा करायचा. रात्री परतीच्या विमानात तिला थेट आणून बसवतील.

मी म्हणालो, "ओके, सर."

हा माझा खेद आहे. मी दमलो होतो, मला हॉटेलची गादी दिसत होती, आणि वरच्या माणसासमोर मान हलवायची सवय वेटर असल्यापासूनची आहे. कारणं खूप आहेत. त्यातलं एकही पुरत नाही.

मी बॅग उचलली तेव्हा मुलगी माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. युनिफॉर्ममध्ये असूनही म्हणाली, "मामा, अब्बांना काय सांगितलं व्हतं तुम्ही?"

एवढंच.

मला का कोण जाणे, आई आठवली. गेल्या पावसाळ्यात राहूच्या रेशन दुकानात तिचा अंगठा मशीन घेईना. झेंडू तोडून आणि कांदा काटून तिच्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नाहीत. दुकानदार म्हणाला, "मावशी, मशीन न्हाई म्हणतंय, मी काय करू?" आई पिशवी मांडीखाली घेऊन त्याच्या पायरीवरच बसली. "मशीन न्हाई म्हणतंय, आन् तू काय म्हणतोयस? मी मेली हाय व्हय? का माझं तोंड तुला आज नवं हाय?" लोक हसायला लागले. मी सुट्टीवर होतो, तिथंच उभा होतो. मला लाज वाटली. मी तिला दंडाला धरून उठवायला गेलो, तर तिनं माझा हात झटकला. गहू घेऊनच उठली.

मी बॅग आडवी केली आणि काउंटरसमोरच्या फरशीवर बसलो. मुलीलाही बस म्हणालो. मग बाकीची पोरं बसली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

कॅप्टन नागपूरचा, माझ्यापेक्षा बराच लहान. तो धावत आला. "अरे, काय करून राहिले तुम्ही? उठा ना. हॉटेलवर जाऊ, तिथून कंपनीला फोन करू."

"आपण हॉटेलवर गेलो की यांचा प्रश्न मिटला, कॅप्टन. मग फोन करून काय होणार?"

"अन् इथं बसून काय होते?"

"झोप होत नाही."

आमचा विश्रांतीचा नियम त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. ठरलेले तास खोलीत, गादीवर विश्रांती झाल्याशिवाय क्रूला विमान नेता येत नाही, आणि फरशीवर बसलेले तास मोजले जात नाहीत. आम्ही हॉटेलवर गेलो नाही, तर रात्रीचं विमान जागचं हलणार नव्हतं. बैठक मारली तेव्हा हे मी मनात मांडलं नव्हतं. पण त्याला उत्तर देताना ते मला दिसलं आणि मी मागे हटलो नाही.

त्यानं मुलीची बोटं बघितली. "हे त्यानं केलं?"

"नाही. मी केलं."

त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून टोचतं. मग त्यानं टोपी काढून बॅगेवर ठेवली, बूट सैल केले आणि बसला. "पायलट जागा राहिला तर विमान उडत नाही. चला, आज कॅप्टनचा उपास झोपेचा."

पोरं हसली. आम्हाला कशाचं हसू आलं ते त्या अधिकाऱ्याला कळेना, म्हणून तो आणखी चिडला. पोलीस बोलावले. पोलीस आले आणि युनिफॉर्ममधल्या माणसांना ओढायचं कसं ते त्यांनाही ठरवता येईना. आमच्या कंपनीचा तिथला मॅनेजर आला, तो त्यांच्यावर न ओरडता माझ्यावर ओरडला. दुपारी आपल्या दूतावासातून एक साहेब आले, सूटबूट घातलेले, बोलायला गोड.

"हे बघा, वाटाघाटी चालू आहेत. तुमच्यामुळे देशाची अडचण होते. एका मुलीचा एका दिवसाचा प्रश्न आहे."

"मग त्या खोलीत एक दिवस तुम्ही बसता का, सर?" मी विचारलं.

आयुष्यात मी कुठल्याही साहेबाशी असं बोललो नव्हतो. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. ते म्हणाले, अधिकाऱ्याची माफी मागा, म्हणजे काहीतरी मार्ग निघेल. मी म्हणालो, माफी मागायची आहे, पण त्याची नाही. त्यांना ते कोडं वाटलं असावं.

रात्रीच्या विमानाचे प्रवासी तेव्हा बाहेर जमायला लागले असतील. त्यांच्यात कुणी आजारी असेल, कुणाच्या घरी मयत असेल. ते माझ्यामुळे अडकले. हे ओझं माझ्यावर आहे आणि ते मी नाकारत नाही. पण त्यांना मी अडवलं तसं त्या खोलीच्या कडीनंही अडवलं. कडी लावायचं ज्यांनी ठरवलं त्यांच्याकडे अजून कुणी खेद मागितलेला नाही.

संध्याकाळी ते नमले असं म्हणता येणार नाही. त्यांनाही ते प्रकरण डोईजड झालं. सगळ्या क्रूनं आतल्याच लाउंजमध्ये थांबायचं, कुणालाही खोलीत टाकायचं नाही, दार उघडं, असं ठरलं. आमचं विमान न्यायला दुसऱ्या दिवशी कंपनीनं दुसरा क्रू पाठवला. आम्ही प्रवाशांच्या सीटवर बसून आलो. चढताना मी दारात उभा राहून सगळ्यांना पुढे घातलं आणि शेवटी चढलो. जेवढे उतरलो होतो तेवढे होतो.

पुण्याहून तिला सोडायला मी स्वतः शिरूरला गेलो. शिक्रापूरच्या ट्रकांच्या गर्दीत गाडी तासभर अडकली. ती म्हणाली, "मामा, अब्बांना बोटांचं मी सांगते, भाजलं म्हणते."

"नको," मी म्हणालो.

दुकानात तिचे वडील मोटारीला तार गुंडाळत बसले होते. उठले, मुलीला जवळ घेतलं आणि तिची बोटं बघून थांबले.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. स्पंजापासून 'ओके, सर'पर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

त्यांनी हातातली तार मोटारीवर ठेवली. मग म्हणाले, "घासायला लावाय नको व्हतं, साहेब."

"व्हय."

"तिची आई इचारंल. मी तिला काय सांगू? तुमचं नाव सांगू?"

"सांगा."

"सांगतोच." त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, पण 'बसा' म्हणाले नाहीत. "आन् उठला न्हाईत, ते बी सांगतो. दोन्ही सांगतो."

मी बसलो. चहा आला. तो मी संपवला.

त्यानंतर कंपनीनं मला इन-चार्जवरून काढलं. आता मी पुन्हा मागच्या गॅलीत जेवणं गरम करतो. मुलगी उडते आहे, बोटांना नवी कातडी आली आहे. त्या देशाशी काहीतरी समझोता झाला, आता तिथे कुणाचेच ठसे घेत नाहीत म्हणे. खेदाचं माझं उत्तर मात्र अजून बाकी होतं. मी लिहिलं की मला खेद आहे, माझ्या हाताखालच्या मुलीला मी बूट पुसायच्या स्पंजानं बोटं घासायला लावली आणि तिला मागे ठेवून जायला तयार झालो, त्याचा. फरशीवर बसल्याचा नाही.

ते परत आलं. विषयाला धरून लिहा, असा शेरा होता.

सुट्टीत राहूला होतो. आईनं विचारलं, "काय एवढं परत परत वाचतोयस?" मी सांगितलं.

"मग आता काय बदलणार हायेस त्यात?"

"काही नाही."

"मग दे धाडून. तोडा राहिलाय झेंडूचा."

तेच उत्तर पुन्हा पाठवलं आणि शेतात गेलो.