चढावरचा टेम्पो

कुडपणच्या शाळेत रुजू झाल्यापासून मी पोलादपूरहून एका टेम्पोवाल्या काकांच्या छोट्या टेम्पोनं जाते; शाळेच्या वेळेला एस्टी नसते. सपाटीला ते अखंड बोलतात. चढ लागला की गप्प होतात आणि इंजिनाचा आवाज ऐकत पुढे वाकतात.

गेल्या आठवड्यात मागे सिमेंटच्या गोण्या होत्या. उभ्या वळणावर पहिल्या गिअरमध्येच इंजिन बंद पडलं आणि गाडी दरीच्या दिशेनं मागे सरकू लागली. ब्रेक दाबून धरत ते हळूच म्हणाले, "बाई, उतरा. चाकामागं दगड लावा."

मी धावत दगड लावला आणि ओरडले, "आता तुम्हीपण उतरा!"

"हँडब्रेक धरत नाय, नुसता दगड पुरायचा नाय. मी उतरलो तं गाडी जाईल."

इंजिन पुन्हा सुरू करून त्यांनी एकट्यानंच गाडी वर काढली. मी चालत पोचले तेव्हा ते बाटलीतलं पाणी तोंडावर मारत होते.

"बायकोला मी ह्या गाडीत कधी घेत नाय," ते अचानक म्हणाले. "एस्टीनं पाठवतो."

"त्यांना भीती वाटते?"

"तिला नाय हो. मला."

मग त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं. शाळा अजून लांब होती. मी बसले.