कथबर्टचा बुधवारचा खेळ

कथबर्ट एंटविसलने इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या आमच्या नाटक कंपनीत वीस वर्षं दर सोमवारी नवं नाटक केलं. सकाळी पुढच्या आठवड्याची तालीम, नंतर या आठवड्याचा खेळ. मग तीन वर्षं तो सिनेमात गेला. दोनदा हवालदार झाला, एकदा पाद्री. तिथे एक वाक्य बोलायचं आणि जेवणाच्या सुटीपर्यंत विसरायचं. १९५४ साली, बासष्टाव्या वर्षी तो परत आला, तेव्हा ही सवयही बरोबर आली.

मी कंपनीचा प्रॉम्प्टर; पहिल्या पंधरवड्यात मला विंगेतून त्याला दोनदा वाक्य सांगावं लागलं. मालकीण मिसेस पेल यांनी सर्वांदेखत सुनावलं, "कथबर्ट, तिसऱ्यांदा प्रॉम्प्ट लागला, की शनिवारी सामान बांधा."

"बांधायला आहे काय बाई? एक सूट आणि तीन मिशा."

सगळे हसले. तो मात्र कोपऱ्यात जाऊन आपली वाक्यं पुटपुटू लागला.

बुधवारी दुपारचा खेळ होता. कथबर्ट डॉक्टर. दुसऱ्या अंकात रोग्याच्या बायकोला, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या बेरिल क्लेगला, तुझा नवरा वाचणार नाही असं सांगायचं होतं. तो थांबला. माझ्या संहितेत तिथे थांबण्याची खूण होती, तीन आकडे मोजण्याइतकी. मी सातपर्यंत मोजले. समोरच्या विंगेत मिसेस पेल उभ्या होत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो खणखणीत आवाजात म्हणाला, "मॅडम, प्रेत गुलाबांच्या वाफ्यात सापडलंय."

हे पुढच्या सोमवारच्या नाटकातल्या इन्स्पेक्टरचं वाक्य! सकाळीच त्याची तालीम झाली होती.

प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. बेरिलने त्याचा हात धरला. "डॉक्टर, तुम्ही फार दमलात. दुसरीकडचं इथे सांगताय. बसा. माझ्या जॉर्जचं सांगा. तो वाचेल ना?"

कथबर्टने डोळे मिटले, उघडले. "नाही," तो म्हणाला, आणि पुढची दोन पानं एकही शब्द न चुकता बोलला.

पडदा पडताच मिसेस पेल माझ्याकडे आल्या. "प्रॉम्प्ट दिलात?"

"नाही, बाई."

"म्हणजे नियमाने सुटला म्हातारा."

"नाही सुटलो," मागून कथबर्ट म्हणाला. "आज बेरिलने तारलं. रोज तिनेच का तारायचं? इन्स्पेक्टर दुसऱ्या कुणाला द्या. मला त्यातला बटलर द्या. चार वाक्यं आहेत."

"आणि तीही विसरलात तर?"

"मान लववून बाहेर जाईन. बटलर गप्प राहिला तर कुणाला खटकतंय?"

मिसेस पेल यांनी माझी पेन्सिल घेतली आणि सोमवारच्या पात्रांच्या यादीत त्याचं नाव सगळ्यांत खाली, बटलरसमोर लिहिलं. पुढची सहा वर्षं दर आठवड्याच्या यादीत ते तळाशीच राहिलं.