बाकडं, बसणाऱ्यांसकट

जुनं सामान विकायच्या आमच्या धंद्याला घरातून पहिला विरोध सासूबाईंनी केला, आणि तो एका शब्दावर संपला. दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं कापड दारात टांगून बसायचं म्हणजे घराण्याची अब्रू दोरीवर वाळत घालायची, असं त्यांचं म्हणणं. जुन्या साड्या देऊन पातेलं घेणं वेगळं आणि त्या साड्या विकायला बसणं वेगळं. माझ्या धाकट्या जावेनं त्यांना समजावलं की हे जुने कपडे नव्हेत, हे ‘व्हिंटेज’ आहेत. सासूबाईंनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला. चार दिवसांनी त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलं, “सुनांनी व्हिंटेजचं काढलंय.” शेजारणीनं अदबीनं विचारलं, त्याला लायसन लागतं का.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझ्या नवऱ्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारचा गाळा रिकामा पडला होता, तिथं आम्ही दोघी जावांनी मांडामांड केली. गावोगाव फिरून माल आणायचा मी, आणि मोबाईलवर फोटो टाकून तो विकायचा तिनं, अशी वाटणी. गडहिंग्लजला एक फोटो स्टुडिओ बंद होत होता. तिथून मी वेताच्या तीन खुर्च्या आणि एक कोट आणला. त्या कोटाला पाठच नव्हती. पुढून कोट, मागून नाड्या. पंचक्रोशीतल्या निम्म्या नवरदेवांनी तो बांधून फोटो काढून घेतलेले. पुण्याच्या एका मुलानं तो स्वतःच्या साखरपुड्यासाठी नेला. हा नेमका कुणाचा होता, असं त्यानं विचारलं. सगळ्यांचा, म्हणून मी सांगितलं, तर त्याचे डोळे पाणावले. तेव्हा मला कळलं की या धंद्यात आपण काय विकतो ते आपल्यालाही नक्की ठाऊक नसतं.

पण सांगायचंय ते बाकड्याचं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चहाचं हॉटेल होतं. मालक गेले आणि मुलांनी जागा मोबाईलच्या दुकानाला द्यायचं ठरवलं. हॉटेलच्या बाहेर सागवानी बाकडं असायचं, लांबलचक, बसून बसून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. ते मी विकत घेतलं आणि हमालाकडून दुकानात आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, तर तीन म्हातारी माणसं आत आली आणि त्या बाकड्यावर जाऊन बसली.

त्यातले एक माझे चुलत सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणतो. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून चार माणसं जमली की “मागं सरका” म्हणतात. दुसरे प्राथमिक शाळेतले मास्तर, तिसरे टेलर. हॉटेल होतं तेव्हा तिघं रोज सकाळी त्याच बाकड्यावर बसायचे, त्याच क्रमानं. मला वाटलं, दुकान बघायला आलेत. मी पाणी दिलं. मग टेलरकाकांनी पिशवीतून चहाची किटली काढली, मास्तरांनी पेपर उघडला आणि माझ्या लक्षात आलं की हॉटेल बंद झालं हे त्यांनी मान्य केलंय, पण बाकडं बंद झालेलं नाही.

दुसऱ्या कुणाला मी सरळ सांगितलं असतं. पण मामंजींपुढं आमच्या घरातल्या सुना आवाज चढवत नाहीत. मी नवऱ्याला सांगितलं, तुम्ही बोला. तो पंखा उघडून बसला होता. त्यानं तो दिवसभर उघडाच ठेवला.

तिघं नुसते बसले असते तरी चाललं असतं. पण ते गिऱ्हाइकांशी बोलायला लागले. टेलरकाका टांगलेल्या ब्लाऊजची शिलाई उलटून बघायचे आणि गिऱ्हाइकाकडं दयेनं पाहायचे. एकदा कॉलेजची एक मुलगी इरकली लुगडं अंगाला लावून आरशात बघत होती. मामंजींनी ते ओळखलं.

“पोरी, त्ये गिरणीवाल्या काकींचं हाय,” ते म्हणाले. “दवाखान्यात न्हेली तवा अंगावर ह्येच हुतं. परत आलं ते लुगडंच आलं.”

मला वाटलं, आता ही पोरगी लुगडं टाकून पळणार. ती तिथंच उभी राहिली, त्या काकी कशा होत्या, काय काय करायच्या हे सगळं तिनं विचारून घेतलं आणि न घासाघीस करता लुगडं घेऊन गेली. जाऊ मागं उभी राहून सगळं ऐकत होती. त्या दिवसापासून तिनं प्रत्येक फोटोखाली गोष्ट लिहायला सुरुवात केली. कपाट विकायचं तर त्या घरात कोण गेलं, कुणाचं लग्न मोडलं, कोण मुंबईला गेला तो परत आला नाही, हे तिला लागायला लागलं. मामंजी खरं तेवढंच सांगायचे, आणि खरं फार पुरत नाही. मग मास्तर पुढं सरसावले. कोडोलीहून आणलेली एक साधी दाढीची खुर्ची मास्तरांनी दोन दिवसांत संस्थानच्या दिवाणांची करून टाकली. मामंजी म्हणायचे, खोटं हाय. मास्तर म्हणायचे, इतिहास असाच लिहितात. यावर दोघांची जुंपायची, आणि गिऱ्हाईक ती भांडणं मोबाईलवर टिपून घ्यायचं.

अशात एके दिवशी पुण्याचं एक जोडपं आलं. त्यांना हायवेला कॅफे काढायचा होता, ‘जुनं कोल्हापूर’ अशा थाटाचा. बाईंनी बाकडं पाहिलं आणि त्या जागीच थांबल्या. त्यावर तिघं बसलेले होते.

“हे जे कॅरेक्टर आहे ना,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “मला नेमकं हेच हवंय.”

मामंजींना वाटलं त्यांच्याबद्दल चाललंय. “सगळी नोकरी केली, एक मेमो न्हाय,” ते म्हणाले.

बाईंनी तिघांना जरा उठायची विनंती केली, म्हणजे बाकडं नीट बघता येईल. तिघं उठून भिंतीला टेकले. बाईंनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि नाराज झाल्या. रिकामं बाकडं एकदम मेल्यासारखं दिसतंय, म्हणाल्या. त्यांनी तिघांना पुन्हा बसायला सांगितलं, फोटो काढला, आणि मग सौदा करायला माझ्याकडं आल्या. पॉलिश करायचं नाही, चहाचे डाग पुसायचे नाहीत, आणि एका टोकाला कुणीतरी खिळ्यानं बदाम कोरला होता तो तसाच राहायला हवा, अशा त्यांच्या अटी.

त्यांनी जे देऊ केलं त्यात गाळ्याचं रंगकाम झालं असतं. जाऊ डोळ्यांनी मला हो म्हण, हो म्हण करत होती. मी मामंजींच्या समोर गेले, पदर सारखा केला आणि विचारलं, विकू का.

“इक की,” ते म्हणाले. “बाकडं तुझं हाय. आमी नुस्तं बसतुय.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. टेम्पो दोन दिवसांनी येणार होता. ते दोन्ही दिवस तिघं नेहमीसारखे आले, नेहमीसारखे भांडले. टेम्पो आल्यावर मामंजींनी हमालाला बाकडं कुठून धरायचं ते दाखवलं, कारण उजवीकडचा पाय जरा हलतो.

कॅफेच्या उद्घाटनाचं आम्हाला सगळ्यांना आमंत्रण आलं. मामंजींनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला, टेलरकाका नवी टोपी घालून आले, आणि मास्तरांनी, कुणी आग्रह केलाच तर असावं म्हणून, दोन शब्द बोलायची तयारी केली. आम्ही बसनं गेलो. कॅफेत शिरल्यावर तिघांनी आधी खाली पाहिलं, कारण बाकडं खाली असतं. ते वर होतं. बसायची फळी भिंतीला लावून स्क्रूनं घट्ट पिळली होती, आणि चारी पाय पुढं आलेले, पोस्टमॉर्टेमच्या टेबलावरच्या शेळीसारखे. पायांना दिवे टांगले होते. खाली पाटी होती, ‘मंगळवार पेठ’.

आम्ही बराच वेळ मान वर करून उभे राहिलो. बाई लगबगीनं आल्या, कसं दिसतंय म्हणाल्या.

मामंजींनी विचारलं, “पर ह्येच्यावर बसायचं कसं?”

बसायचं नाहीच काका, बाई म्हणाल्या, ते अनुभवायचं आहे. आम्हाला त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या. त्या कोऱ्या होत्या, पण पॉलिशपेपरनं घासून जुन्या केलेल्या. हे मला लांबूनच दिसलं. चहा पत्र्याच्या मगातून आला. टेलरकाकांच्या मगाचे टवके उडाले होते, म्हणून त्यांनी पोराला बोलावून तो बदलून मागितला. पोरानं सांगितलं, साहेब, हे नवीनच आहेत, असेच येतात. मास्तरांना दोन शब्द बोलायला कुणी सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये तिघं एका रांगेत बसले. मामंजी एवढंच म्हणाले, की हॉटेलात लोक उठायला तयार नसतात, त्यापेक्षा हे बरं, कुणाला उठवायला लागत नाही.

मी दुकानात त्यांच्यासाठी वेताच्या खुर्च्या ठेवल्या. तिघांनी दोन दिवस त्या वापरल्या आणि नंतर येईनासे झाले. विचारलं तर टेलरकाका म्हणाले, खुर्चीत माणूस एकटा पडतो, कोपर मारता येत नाही. दुकान मला सुनं सुनं वाटायला लागलं, आणि जावेच्या गोष्टीही आटल्या. शेवटी मी बाजारातून प्लॅस्टिकच्या तीन लाल खुर्च्या आणल्या आणि दाराशी चिकटवून चिकटवून मांडल्या. आमच्या दुकानातली ती एकमेव नवी वस्तू. फोटो काढताना जाऊ त्या पडद्यानं झाकते. तिघं परत आले. प्लॅस्टिक हलकं असतं, रागाच्या भरात ओढून जवळ आणता येतं.

पुढं वर्षभरात कॅफे बंद पडला आणि तिथं बिर्याणी सुरू झाली. बाईंचा फोन आला, बाकडं परत घेता का. मी पाहायला गेले. ते भिंतीवरून उतरवून मागच्या बाजूला ठेवलेलं, फळीत एका ओळीत चार आरपार भोकं. मी ते घेतलं, पडत्या भावात. मला वाटलं होतं मामंजींना आनंद होईल. त्यांनी भोकांत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, “नगं. धोतर अडकंल.” आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले. ते धोतर नेसत नाहीत.

बाकडं मग पुन्हा विक्रीला निघालं. महिन्याभरात मुंबईचे एक गृहस्थ आले. त्यांनीही भोकांत बोट घातलं. ही कसली, असं विचारलं. मास्तरांनी पेपर खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की संस्थानच्या काळात हे बाकडं कचेरीत होतं, आणि या भोकांतून साखळ्या ओवून कैद्यांना बांधून ठेवत.

“स्क्रूची भोकं हायती ती,” मामंजी म्हणाले. “भित्तीला टांगलं हुतं.”

गृहस्थ मोठ्यानं हसले. बाकडं कुणी भिंतीला टांगतं होय, ते म्हणाले, काका फार मिश्कील आहेत. मामंजी माझ्याकडं बघायला लागले. मी, खरंच टांगलं होतं, असं सांगितलं, कॅफेचं नाव सांगितलं, दिवे लावलेले तेही सांगितलं. गृहस्थ माझ्याकडं बघूनही हसले आणि पैसे काढायला लागले.

बाकडं त्यांच्या गाडीच्या टपावर बांधायला सगळेच बाहेर आले. उजवीकडचा पाय हलतो, हे मामंजींनी त्यांनाही सांगितलं. गाडी गेल्यावर टेलरकाकांनी किटली उघडून पाहिली, तर चहा गार झाला होता. मी आत स्टोव्ह पेटवायला गेले.