हत्ती बांधायचा खांब

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही लखनौला होतो. आमच्या कॉलनीत बांधकामं तपासायला येणारे बाबूजी मार्च संपला तरी मफलर सोडत नसत. तोंडातलं पान सांभाळत, हनुवटी वर करून बोलायचे. ‘नाही’ कधीच म्हणायचे नाहीत. ‘देखते हैं’ म्हणाले, की लोक आपणहून भिंत पाडायला घ्यायचे.

आम्ही मागच्या अंगणात स्कूटरसाठी पत्र्याची शेड उभारली. त्याला परवानगी लागते, हे कुणाला ठाऊक!

बाबूजी आले. ‘देखते हैं,’ म्हणाले.

‘पक्का हो तो तोड़ना पड़ेगा. कच्चा चलता है.’

आमचे हे कोल्हापूरचे. स्वतः उभ्या केलेल्या कामाला कच्चं म्हटलेलं कसं खपेल? छाती फुगवून म्हणाले, ‘कच्चा? अरे साहब, हाथी बाँध दो, खंबा हिलेगा नहीं!’

मी कपाळावर हात मारला.

बाबूजी पान थुंकून आले, मफलर काढून माझ्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी खांब गदागदा हलवू लागले. खांब ढिम्म. शेवटी वरचा पत्रा जरासा वाजला.

‘हिल गया,’ ते धापा टाकत म्हणाले. ‘कच्चा है. चाय पिलाइए.’

चहा त्यांनी तिथेच घेतला, त्याच खांबाला निर्धास्त पाठ टेकून.