जोडीदाराच्या हातचं पाणी

"या दुष्काळात देवणीकडं कोण फिरायला जातं?" आईनं तीनदा विचारलं. मी कशासाठी चाललोय, हे बाबांना मात्र ठाऊक होतं.

माझे आजोबा एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या वाळूत गेले. तेव्हा बाबा आजीच्या पोटात होते. ते नांदेडला, आजीच्या माहेरी वाढले आणि एकच प्रश्न घेऊन वाढले: शेवटी त्यांच्या तोंडात कुणी पाणी घातलं का?

माझं शिक्षण दहावीपर्यंतच. तरी दोन वर्षं मी आजोबांच्या पलटणीचा इतिहास जुळवतोय. ती कुठं उभी राहिली, कोणत्या सीमांवर लढली, हे छापलेलं मिळतं. पाण्याचं कुठंच नाही. मग माजी सैनिकांच्या मेळाव्यात कळलं, की आजोबांचे पलटणीतले जोडीदार माणिकराव देवणीजवळच्या खेड्यात आहेत. पण हल्ली विसरायला लागलेत. दुसऱ्या दिवशीच निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: नांदेडहून मुखेडमार्गे उदगीरची पहिली एसटी धरा. उन्हं चढायच्या आत पोचता. स्टँडवर चुरमुऱ्यांची सुशीला छान मिळते, पण हॉटेलवाला सध्या खाण्यासोबत एकच ग्लास पाणी देतो. मी दोन बाटल्या नेल्या होत्या आणि बुचं घट्ट आहेत ना, हे सारखं चाचपत होतो.

पुढं देवणीपर्यंत जीप. शेजारी दोघांचं चाललं होतं.

"उदगीर जिल्हा झाला की बघ, पाणीच पाणी."

"लातूर जिल्हा झाल्ता तवाबी हेच म्हणला हुतास. तिथं आता रेल्वेनं पाणी यायलंय!"

जीपभर हशा पिकला. मी बाहेर बघत होतो. आजोबा भरती झाले तेव्हा हा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यात होता. काळ्यापांढऱ्या देवणी गाई बाभळीखाली डोळे मिटून उभ्या होत्या. लांब रानावर पाणी चमकायचं, जवळ गेलं की विरायचं. डुलकीत मला वाटलं, हीच ती वाळू, आणि चालत राहिलो तर एक तरुण माणूस भेटेल, माझ्याच वयाचा.

माणिकराव ओसरीवर बसले होते. मी नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. ते नुसते बघत राहिले. वाटलं, उशीर झाला. उन्हानं तहानलो होतो, म्हणून बाटली काढून तोंडाला लावली.

"ए!" ते एकदम ओरडले. "आपल्या हातानं न्हाई!"

बाटली काढून घेऊन त्यांनी स्वतः मला पाजलं. आतून त्यांची बायको म्हणाली, "ऐक बाबा त्यांचं. या घरात कुणी आपल्या हातानं पाणी पीत न्हाई. मी जेवाया बसले की हे येतेत तांब्या घेऊन."

"पलटणीची रीत हाय," माणिकराव म्हणाले. आता त्यांची नजर स्वच्छ होती. "रेतीत माझी बाटली किशनच्या कमरंला, त्याची माझ्या. आपलं पाणी आपल्याजवळ असलं की माणूस दुपारपतुरच संपवतो. जोडीदाराचं मातर जपतो."

किशन म्हणजे माझे आजोबा. मी भीतभीत विचारलं, "आणि शेवटी?"

"पहाटं गोळी लागली त्याला. म्या रांगत गेलो. त्याचं पाणी माझ्यापशीच हुतं की! म्या पाजलं. दोन घोट पिला. मग लेकाचा माझ्या बाटलीचं बूच काढाया लागला. म्हणला, तुझं ऱ्हायलंय, पी. बूच काय निघालं न्हाई त्याच्यानं."

निघताना माझ्या बाटल्या मी त्यांच्याकडंच ठेवल्या. त्यांनी रांजणातून घरचा जुना तांब्या भरून दिला आणि बजावलं, "सांडू नको." जीपमध्ये, एसटीत, तो मांडीवर धरून आलो. एरवी मला सगळ्याची धास्ती असते. त्या वाटेवर फक्त हिंदकळण्याची होती.

छापील इतिहासात त्या पहाटेच्या दोन ओळी आहेत. माझ्या इतिहासात आता बूच आहे.

घरी बाबांना सगळं सांगितलं. मग त्यांनी तांब्या उचलला, माझ्या हातात दिला आणि लहान मुलासारखी ओंजळ तोंडाशी धरली.